भेटीच्या दिवशी लेकराचे हात बघा



गेल्या पावसाळ्यात रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या एक ताई विहाराच्या ओट्यावर थांबून राहिल्या. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा तेव्हा रिमांड होममध्ये होता. मोबाईल चोरीच्या प्रकरणात चार पोरांबरोबर त्यालाही नेले होते. ताई आदल्या दिवशी त्याला भेटून आल्या होत्या. केस कुठवर आली, वकील काय म्हणतो, हे त्या बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "पोरगं सारखं खाजवतंय. बोटांच्या बेचक्यात फोड आलेत. विचारलं तर म्हणतो, मम्मी, इथं सगळ्यांनाच आहे."

"सगळ्यांनाच आहे." आमच्यापैकी ज्या दोघी सरकारी दवाखान्यात काम करतात, त्या हे ऐकून गप्प झाल्या. एका मुलाला खरूज झाली तर तो आजार आहे, औषधाने बरा होतो. पण एका छताखालच्या सगळ्या मुलांना ती महिनोनमहिने असेल, तर तिथे येऊन बघणे ज्यांचे काम आहे ते आलेच नाहीत, किंवा आले आणि मुलांकडे न बघता रजिस्टरवर सही करून गेले, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर आम्ही बालगृहे आणि रिमांड होम यांचा विषय घेतला आहे. तिथल्या मुलांच्या तब्येतीवर बाहेरून नजर कोणी ठेवायची, कायद्याने ती कशी ठेवली आहे, आणि आईबाप म्हणून आपण त्यात काय करू शकतो, एवढेच यात बघायचे आहे.

आपली मुले तिथे कशी पोहोचतात

दोन वाटांनी. पहिली वाट गरिबीची. बाप वारला किंवा सोडून गेला, आई चार घरची धुणीभांडी करते, भाड्याच्या खोलीत वयात आलेली मुलगी एकटी ठेवायची भीती वाटते. कोणीतरी सांगते, बालगृहात टाक, शिक्षण होईल, दोन वेळचे जेवण मिळेल. हरवलेली, घर सोडून आलेली, कामावर राबताना सापडलेली मुलेही याच वाटेने जातात. या मुलांना कायदा 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालके' म्हणतो. त्यांचा निर्णय बाल कल्याण समिती करते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात.

दुसरी वाट पोलिसांची. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक' ठरतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी स्त्री असते. चौकशी सुरू असताना मूल जिथे ठेवतात ते निरीक्षणगृह. आपण त्याला अजून रिमांड होमच म्हणतो. चौकशीत दोषी ठरलेल्या मुलाला सुधारणेसाठी विशेषगृहात पाठवता येते.

या सगळ्याचा आज लागू असलेला कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. आपल्या राज्याने त्याखाली २०१८ मध्ये स्वतःचे नियम केले. हे नाव पाठ करायची गरज नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मूल संस्थेत गेले म्हणजे आईबापाचा हक्क संपला, असे हा कायदा कुठेही म्हणत नाही. चौकशीच्या प्रत्येक टप्प्यावर मूल आणि पालक यांना समजून घेऊन भाग घेता आला पाहिजे, हे बघणे मंडळाचेच काम आहे.

बघायचे कोणी?

संस्था चालवणारा माणूस कितीही भला असला तरी स्वतःच्या कामाची तपासणी त्याने स्वतः करून चालत नाही. वजनकाटा दुकानदाराचाच असला तरी त्यावर शिक्का बाहेरचा माणूस मारतो. इथेही तसेच आहे. कायद्याने एकाच्या वर एक अशी नजर ठेवली आहे.

घराच्या आत व्यवस्थापन समिती असते, मुलांची स्वतःची बाल समिती असते आणि तक्रार-सूचना पेटी असते. पेटी कार्यालयापासून दूर, मुलांचा हात पोहोचेल अशा जागी हवी. तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते. पेटी दर आठवड्याला मुलांच्या प्रतिनिधींसमोर उघडायची असते. अधीक्षकांच्या टेबलाशेजारी टांगलेल्या पेटीत कोणते मूल चिठ्ठी टाकेल?

त्याच्या वर मंडळ आणि समिती. बाल न्याय मंडळाने आपल्या अखत्यारीतल्या गृहाला महिन्यातून निदान एकदा भेट द्यायची असते. बाल कल्याण समितीने महिन्यातून निदान दोन भेटी द्यायच्या असतात.

त्याच्या वर तपासणी समिती. कायद्याचे कलम ५४ तिच्यासाठी आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने हेच सर्वांत महत्त्वाचे. जिल्ह्यातल्या मुलांच्या प्रत्येक गृहाला तिने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची. पथक तीन जणांपेक्षा लहान नको. त्यात एक स्त्री हवीच, आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. भेटीनंतर आठवड्यात अहवाल, आणि अहवालानंतर महिन्याच्या आत कारवाई. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

डॉक्टर पथकात असलाच पाहिजे, असे कायद्याने का म्हटले असेल? कारण मूल तोंडाने जे सांगायला घाबरते ते त्याचे अंग सांगते. वळ, वजन, खरूज, डोळ्यांखालची काळी वर्तुळे. हे वाचता येणारा माणूस पथकात नसेल तर भिंतीचा रंग आणि स्वयंपाकघरातले डबे बघून अहवाल तयार होतो.

त्याही वर राज्याचा बाल हक्क संरक्षण आयोग आहे. २००५ च्या कायद्याने तो उभा राहिला. मुलांना ठेवलेल्या कोणत्याही गृहाची पाहणी तो करू शकतो. चौकशी करताना त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, म्हणजे अधिकाऱ्याला समन्स काढून बोलावता येते, कागद मागवता येतात. याशिवाय कलम ५५ प्रमाणे सरकार बाहेरच्या व्यक्ती किंवा संस्थेकडून गृहांच्या कामाचे मूल्यमापन करून घेऊ शकते. यालाच आपण सोशल ऑडिट म्हणतो.

कागदावर ही साखळी भक्कम आहे. मग "सगळ्यांनाच आहे" कुठून येते? त्यासाठी बिहारचे उदाहरण नीट समजून घेऊ.

मुजफ्फरपूरने शिकवलेला धडा

बिहार सरकारच्या समाजकल्याण विभागाने आपल्या राज्यातल्या बालगृहांचे आणि निवाऱ्यांचे सोशल ऑडिट करायला मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला सांगितले. संस्थेच्या 'कोशिश' या पथकाने राज्यभर फिरून ११० संस्था पाहिल्या. अहवाल २०१८ मध्ये सरकारला दिला. त्यात डझनाहून अधिक संस्थांबद्दल गंभीर बाबी लिहिल्या होत्या. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाबद्दल लिहिले होते की तिथल्या मुलींवर लैंगिक अत्याचार होत आहेत. गुन्हा नोंदवला गेला, मुलींची वैद्यकीय तपासणी झाली, प्रकरण सीबीआयकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाने खटला बिहारमधून दिल्लीला हलवला. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. मुख्य आरोपीला पुढच्या महिन्यात मरेपर्यंत जन्मठेप झाली.

आता थांबून एक गोष्ट बघा. हे गृह जंगलात नव्हते. सरकारी अनुदानावर शहरात चालले होते. तिथे अधिकारी येत-जात होते, तपासण्या होत होत्या. आणि दोषी ठरलेल्यांत कोण होते? ज्यांनी मुलींवर नजर ठेवायची ते बाल कल्याण समितीचे माणूस होते, जिल्ह्याच्या बाल संरक्षण विभागाचा अधिकारी होता. राखणदारच चोराला मिळाला होता. मुलींनी तक्रार करायची तर कोणाकडे?

बाहेरचे पथक आले, त्यांनी वेळ दिला, मुलांशी बोलले, आणि जे ऐकले ते लिहिले. एवढेच वेगळे घडले. त्याच अहवालात चांगल्या चाललेल्या गृहांचीही नोंद होती, हे विसरू नका. बाहेरची नजर सगळ्यांना चोर ठरवायला येत नाही. चांगल्या अधीक्षकाला तिचा आधारच असतो. औषधांना पैसे नाहीत, वॉर्डन कमी आहेत, संडास तुंबले आहेत, हे तो वर्षभर वर कळवत असतो आणि कोणी ऐकत नाही. बाहेरच्या अहवालात ते आले की हलते.

यावरून स्वतंत्र देखरेख कशाला म्हणावे याच्या चार खुणा आम्ही काढल्या आहेत. बघणारा माणूस संस्था चालवणाऱ्याच्या हाताखालचा किंवा उपकाराखालचा नसावा. तो न सांगता यावा. मुलांशी कर्मचारी जवळ नसताना बोलावा. आणि त्याचा अहवाल अशा ठिकाणी जावा, जिथे तो दाबून ठेवता येणार नाही. यातली एकही खूण नसेल तर ती तपासणी पाहुणचार आहे.

ही नजर कोणी मिळवून दिली

ही व्यवस्था सरकारने आपणहून दिलेली नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी १९८० च्या दशकात देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांत जाऊन पाहायला सांगितले आणि मुलांसाठी देशभर एकच कायदा हवा असे म्हटले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम आला. सामान्य नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो तो घटनेच्या कलम ३२ मुळे. त्या कलमाला बाबासाहेबांनी घटनेचा प्राण मानले होते. इथे ते कोठडीतल्या लेकरांच्या उपयोगी पडले.

पण कायदा झाला म्हणजे काम झाले असे होत नाही. संपूर्णा बेहुरा यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेचा निकाल लागायला २०१८ साल उजाडले. मंडळांतल्या आणि समित्यांतल्या रिकाम्या जागा भरा, सोशल ऑडिट करा, असे न्यायालयाला तेव्हाही सांगावे लागले. केंद्र सरकारने देशातल्या गृहांची मोजणी केली तेव्हा ९,५८९ संस्था आढळल्या. त्यांपैकी बाल न्याय कायद्याखाली नोंदणी केलेल्या होत्या सुमारे एक तृतीयांश. नोंदणीच नाही तिथे तपासणी समिती कोणत्या पत्त्यावर जाणार?

मुलाचे अंग काय सांगते

आता आपल्या हातातली गोष्ट. तीन महिन्यांनी येणाऱ्या पथकापेक्षा आई मुलाला जास्त वेळा भेटते. तिने काय बघावे?

आधी हात बघा. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, कमरेभोवती बारीक फोड आणि रात्री वाढणारी खाज ही खरजेची लक्षणे. कातडीखाली घर करणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे ती होते. आंघोळ न केल्याची ही शिक्षा नव्हे. एका अंथरुणावर दोघे-तिघे झोपले, एकच टॉवेल फिरला की कोणालाही होते. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून घरी आल्यावर महिन्याने खाज सुटली तरी चकित होऊ नका. डॉक्टर बहुतेक वेळा परमेथ्रीन मलम देतात. ते मानेखाली सगळ्या अंगाला रात्रभर लावायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकत्र राहणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे, खाज असो वा नसो. एकालाच मलम दिले तर शेजारच्या पोराकडून ती परत येते. म्हणून संस्थेत खरूज हटत नसेल तर औषधाला दोष देऊ नका. सगळ्यांना एका दिवशी औषध देण्याची व्यवस्था कोणी केली नाही, हे त्याचे कारण असते. खाजवून जखमा चिघळल्या, चेहऱ्यावर सूज आली किंवा लघवी लाल-तपकिरी झाली तर मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो. तेव्हा एक दिवसही थांबू नका.

मग वजन. नियमांप्रमाणे प्रत्येक मुलाची दर महिन्याला वैद्यकीय तपासणी व्हायची असते आणि त्याचे वजन, उंची, आजार आणि उपचार नोंदवायचे असतात. भेटीच्या दिवशी शांतपणे एकच प्रश्न विचारा: "साहेब, या महिन्यात माझ्या मुलाचं वजन किती भरलं?" उत्तर असेल तर चांगलेच. नसेल तर पुढच्या महिन्यात नोंद होईल, कारण विचारणारे कोणीतरी आहे हे त्यांना कळलेले असते. वजन उतरत असेल आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर टीबीची तपासणी करून घ्या असे सांगा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

वळ आणि जखमा. खेळताना पडलेल्या मुलाचे गुडघे, कोपर, नडगी सोलपटते. पाठीवर, मांडीच्या मागे, तळपायावर, कानामागे वळ असतील तर ते पडण्याने सहसा येत नाहीत. गृहातल्या कर्मचाऱ्याने मुलाला क्रूर वागणूक दिली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. 'शिस्त लावायला' मारणे हाही गुन्हा आहे.

झोप आणि वागणे. आधी कधी नव्हते आणि आता अंथरूण ओले होते, मूल नजर देत नाही, एका ठरावीक माणसाचे नाव निघाले की गप्प होते, बसताना दुखते, भेट संपताना कवटाळून सोडत नाही. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर मनात ठेवून घरी येऊ नका. मुलींच्या बाबतीत पाळीचे पॅड मिळतात का, कपडे बदलायला आडोसा आहे का, हे आईनेच विचारावे. दुसरे कोणी विचारणार नाही.

काही गोष्टी आपण आधीच लेखी सांगायच्या असतात. आपल्या समाजात, विशेषतः विदर्भात, सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. मुलाला सिकलसेल असेल तर कार्डाची झेरॉक्स पहिल्याच दिवशी मंडळाला आणि अधीक्षकांना द्या. थंडी, कमी पाणी, ताप यांनी त्या मुलाला असह्य वेदना सुरू होतात आणि वॉर्डनला ते नाटक वाटते. फिट येत असेल, दमा असेल तर गोळीचे नाव आणि वेळ लिहून द्या. मूल व्हाइटनर, गांजा, बटन असे काही घेत असेल तर लाजेपोटी लपवू नका. नशा अचानक तुटली की थरथर, घाम, झोप उडणे, कधी फिटही येते. अशा मुलाला उपचाराच्या ठिकाणी हलवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण आधी कोणाला तरी कळायला हवे.

तक्रार करायची, पण मुलाला झळ न लागता

सगळ्या आया इथेच अडतात. "बोललं तर आपण घरी येऊ, पोरगं तिथंच राहतं." ही भीती खोटी नाही. म्हणून बोलण्याची रीत महत्त्वाची.

त्या ताईंना आम्ही काय सुचवले ते सांगतो. त्यांनी अधीक्षकांशी भांडण केले नाही. बाल न्याय मंडळाच्या नावाने साधा अर्ज लिहिला. त्यात मुलाने काय सांगितले ते लिहिलेच नाही. "भेटीच्या वेळी माझ्या मुलाच्या हाताला खरजेसारखे फोड दिसले. हा पसरणारा आजार आहे. तरी गृहातील सर्व मुलांची वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी व्हावी व सर्वांना एकाच दिवशी उपचार मिळावेत, ही विनंती." एवढेच. आईने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आणि मागणी सगळ्या मुलांसाठी. कोणा एका पोराने चुगली केली असे म्हणायला जागाच ठेवली नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. त्या आठवड्यात डॉक्टर आले, सगळ्या मुलांना मलम मिळाले, गाद्या-चादरी उन्हात पडल्या. आठवड्यानंतरचा दुसरा डोस विसरला गेला होता. ताईंनी पुढच्या भेटीत तीच पोच दाखवून आठवण केली. मुलाला जामीन मिळून तो घरी आला तेव्हा घरातल्या पाचही जणांनी एकाच रात्री मलम लावले.

सगळ्याच गोष्टी अर्जाने सुटत नाहीत. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

तब्येत, जेवण, स्वच्छता यांबद्दल आधी बाल न्याय मंडळ किंवा बाल कल्याण समितीला लेखी अर्ज, पोच घेऊन. प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. बाल कल्याण समितीच्याच कारभाराबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. मुजफ्फरपूर आठवले की ही वाट का ठेवली आहे ते कळेल. तिथेही दाद नाही लागली तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार यात क्रम बघत बसू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे. पोलिसांत गुन्हा नोंदवा. लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणे हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गृहाच्या कर्मचाऱ्यानेच तो केला असेल तर शिक्षा अधिक कडक आहे. अत्याचार झालेल्या मुलावर प्रथमोपचार आणि उपचार मोफत करणे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. पैसे भरा मग बघतो, असे कोणी म्हणू शकत नाही.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१००. मुलाला वकील मिळतो की नाही हे बघणे मंडळाचेही काम आहे.

माहितीचा अधिकार वापरा. आपल्या जिल्ह्यातल्या अमुक गृहाला तपासणी समितीने गेल्या वर्षभरात किती भेटी दिल्या, पथकात वैद्यकीय अधिकारी होते का, अहवालावर काय कारवाई झाली, एवढे तीन प्रश्न दहा रुपयांच्या अर्जात विचारता येतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही शुल्क नाही. मुलांची नावे मागू नका. ती देता येत नाहीत आणि देऊही नयेत.

एक गोष्ट मात्र करू नका. मुलाचा फोटो, वळांचा व्हिडिओ, नाव-पत्ता वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. राग खरा असतो, पण अशा मुलाची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय उद्या त्याला शाळेत जायचे आहे, काम शोधायचे आहे. तो व्हिडिओ त्याच्याआधी तिथे पोहोचतो. पुरावा जपून ठेवा, तो मंडळाला, डॉक्टरांना, पोलिसांना द्या.

शेवटी एक विनंती आपल्यातल्या शिकलेल्यांना. बाल कल्याण समिती आणि बाल न्याय मंडळावरचे सामाजिक सदस्य जाहिरात देऊन नेमले जातात. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव आणि योग्य पात्रता असलेल्यांना अर्ज करता येतो. मुदत तीन वर्षांची असते. आपल्यात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, शिक्षक आहेत, एमएसडब्ल्यू झालेली पोरे-पोरी आहेत. त्यांनी ही जाहिरात शोधून अर्ज भरावा. वस्तीतल्या पोराच्या बोटांच्या बेचक्यात बघायचे असते, हे वस्तीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

अभ्यासवर्गासाठी

महिला मंडळाच्या किंवा युवकांच्या पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा आणि या प्रश्नांवर बोला.

१. आपल्या वस्तीतली किती मुले सध्या बालगृहात किंवा निरीक्षणगृहात आहेत? त्यांना भेटायला कोण जाते? ज्यांच्याकडे प्रवासभाडे नाही त्यांच्यासाठी मंडळ काय करू शकेल?

२. तपासणी समितीत डॉक्टर का असावा? तो नसेल तर काय सुटेल?

३. मुजफ्फरपूरच्या गृहात तपासण्या होत असूनही अत्याचार लपून का राहिला? स्वतंत्र देखरेखीच्या चारपैकी कोणत्या खुणा तिथे नव्हत्या?

४. भेटीला जाणाऱ्या आईला विचारायचे तीन प्रश्न तुमच्या शब्दांत तयार करा आणि एकमेकींसमोर विचारून बघा. आवाज न चढवता विचारायचा सराव आधीच केलेला बरा.

५. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मंडळातून कोण लिहील? तारीख ठरवूनच उठा.

१०९८ आणि १५१०० हे दोन नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. आणि पुढच्या भेटीला जाल तेव्हा खाऊचा डबा हातात देण्याआधी लेकराचे हात आपल्या हातात घ्या, उलटेसुलटे करून बघा. मग वजन विचारा.